दहापैकी साडेनऊ

माझं अक्षर चांगलं आहे. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या अक्षराचा मोठा हात होता. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राजवटीत नागपूरच्या दफ्तरात लिहिण्याचं काम करत. राज्य गेलं, दफ्तर गेलं, आमच्याकडे फक्त ताठा उरला. महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत किराण्याची यादीसुद्धा समास सोडून लिहिली जायची. वडील ती यादी एकदा हात लांब करून न्याहाळत आणि मगच पिशवीत टाकत.

असा माणूस प्राथमिक शाळेत मास्तर झाला तर मुलांचं काय होईल, याचा विचार त्या काळी कुणी करत नसे. मीही केला नाही. सक्करदऱ्याच्या बाजूला एका कवेलूच्या छपराच्या शाळेत मला चौथीचा वर्ग मिळाला. सत्तर सालाच्या आगेमागेची गोष्ट. वर्गात बेचाळीस मुलं. निम्मी आसपासच्या वस्तीतली, निम्मी कुहीकडच्या खेड्यांतून मामाकडे, काकाकडे शिकायला येऊन राहिलेली. मी महालातून सायकलनं यायचो, आणि वर्गात शिरताना पहिल्यांदा फळा पाहायचो, मुलं नंतर.

वाचन मी कडक घ्यायचो. एकेकानं उभं राहायचं, ओळीखाली बोट ठेवायचं आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचायचं. विरामचिन्हाला थांबलं की मी मान हलवायचो. दर शनिवारी एक ठरलेला प्रश्न असे: 'वाचलेलं आपल्या शब्दांत लिहा.' मुलं इमानदारीनं पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी उतरवून काढत. मी ओरडायचो, "हे पुस्तकातलं झालं, तुझे शब्द कुठे आहेत?" आणि अक्षर चांगलं असेल तर गुण देऊनही टाकायचो. यातली गंमत मला पुष्कळ वर्षं कळली नाही.

चौथीला पत्रलेखन होतं. पुस्तकातलं पत्र सगळं समजा-समजाचं. समजा तुम्ही सहलीला गेला आहात, समजा तुमचे वडील परगावी आहेत. मुलं वहीत खोटी पत्रं लिहीत, मी लाल शाईनं ती तपासत असे, आणि वही दप्तरात जाई. एका वर्षी माझ्या डोक्यात आलं की मुलांना खरी कार्डं लिहायला लावावीत आणि खरोखर पोस्टात टाकावीत. हेडमास्तर म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता? वहीत चाललंय ते काय वाईट आहे?" मी त्यांचं ऐकलं नाही. मला वाटलं, माझ्या वर्गाचं अक्षर गावोगावी जाईल आणि लोक विचारतील, कोणाच्या हाताखाली शिकली ही पोरं?

आठ दिवस आम्ही वहीत सराव केला. मग फळ्यावर मी गुणांची वाटणी लिहिली. मायना, दोन. समास, दोन. अक्षर, चार. पत्ता, दोन. एकूण दहा. त्याखाली ठळक अक्षरांत एक सूचना: शाईचा डाग पडलेलं कार्ड पोस्टात जाणार नाही. ही सूचना मुलांनी तीनदा मोठ्यानं वाचली.

ज्या मुलीची ही गोष्ट आहे ती दुसऱ्या रांगेत बसायची. अंगानं काटकुळी, तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या. टाकाचं टोक ती केसांना पुसायची आणि मी पाहिलं की जीभ चावायची. तिचं गाव कुहीच्या पुढे, धानाच्या शेतांत. गावच्या शाळेत दुसरीपर्यंतच शिकवत, म्हणून मामानं तिला तिसरीला इथे आणलं होतं. मामाचं सक्करदऱ्याच्या तलावाकडे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत घर. माझ्या सायकलचं पंक्चरही तोच काढायचा. वाचायला उभी राहिली की या मुलीचा आवाज खणखणीत, एरवी दहा वेळा विचारावं तेव्हा एकदा बोलणार.

पाचवीचा प्रश्न तिच्यापुढे होता आणि तो मला माहीत होता. पुढच्या वर्षीच्या याद्या करताना मी तिला विचारलं, तर म्हणाली, "मामा म्हणते चौथीपर्यंत ठेवतो, पुढचं पुढं पाहू." तिचे आईवडील मामाला आपणहून 'आणखी ठेव' म्हणत नव्हते, कारण भावाच्या संसारावर भार कसा घालावा. मामा आपणहून 'ठेवतो' म्हणत नव्हता, कारण बहिणीनं मागितल्याशिवाय तिची मुलगी कशी अडकवून ठेवावी. दोन्ही घरं चांगली, दोन्ही घरं गप्प, आणि मुलगी मध्ये. बोललं नाही तर एप्रिलमध्ये ती गावी जाणार आणि शाळा सुटणार, हे उघड होतं. मी तिला म्हणालो, "मग विचार ना घरी." एवढं सांगून मी माझं कर्तव्य आटोपलं.

कार्डं लिहिण्याचा दिवस जानेवारीतला होता. वर्गात बोटं आखडत म्हणून मी सगळ्यांना अंगणात उन्हात बसवलं. मांडीवर पाटी, पाटीवर कार्ड, शेजारी दौत. दोन तास बेचाळीस मुलं मान खाली घालून लिहीत होती आणि मी पाठीमागे हात बांधून फिरत होतो. इतकी शांतता माझ्या वर्गात पुन्हा कधी झाली नाही. चौघांच्या कार्डांवर डाग पडला. त्यातला एक मुलगा हमसून हमसून रडला. मी ती चारही कार्डं बाजूला काढली आणि नियम म्हणजे नियम असं म्हणालो.

पाचवा डाग मला दिसला नाही. तो या मुलीच्या कार्डावर पडला होता, वरच्या उजव्या कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढा. कार्डं मुलांनी घरूनच आणली होती. दुसरं कार्ड मागायचं तर मामीकडे मागावं लागलं असतं, आणि मामीकडे ती कधीच काही मागत नसे. पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड तिच्या कंपासपेटीत होतं. तिनं पट्टी लावून डागासकट कोपरा कापून टाकला.

मधल्या सुट्टीत मी पडवीत बसून गठ्ठा तपासला. गुण वहीत मांडत होतो, कार्डावर लिहीत नव्हतो, एवढी अक्कल होती. तिचं कार्ड हातात आलं. मायना बिनचूक. समास पट्टीनं आखल्यासारखा. अक्षर तर असं, की माझ्या वडिलांनीसुद्धा हात लांब करून पाहिलं असतं. कापलेला कोपरा माझ्या लक्षात आला नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. पण आला. काप किंचित तिरका गेला होता म्हणून मी अर्धा गुण कमी केला. दहापैकी साडेनऊ. वर्गातले सर्वांत जास्त गुण.

शाळा सुटल्यावर आम्ही रांगेनं चौकातल्या पेटीपर्यंत गेलो आणि त्या चौघांखेरीज प्रत्येकानं आपापलं कार्ड आत टाकलं. तिनं टाकल्यावर पेटीच्या तोंडाला डोळा लावून आत पाहिलं. मी म्हणालो, "चला, पुढे सरका."

नंतरच्या आठवड्यातली ही गोष्ट. सकाळचा वाचनाचा तास चालू होता आणि योगायोगानं तीच उभी राहून वाचत होती. दारात एक बाई आली. पदर सुटलेला, पायात चप्पल नाही. ती विचारायला थांबली नाही. सरळ रांगांमधून मुलांच्या पाट्या तुडवत गेली, मुलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, खांदे, हात, बोटं चाचपून पाहिली आणि मग तिला छातीशी घेऊन असा आवाज काढला की मुलं घाबरून भिंतीला लागली. "हायेस वं माय तू! हायेस वं!" एवढंच ती म्हणत होती. मागून दोन पुरुष धापा टाकत आले. एक मुलीचा बाप, दुसरा मामा. मामाच्या हातात सायकलची ट्यूब तशीच होती.

मी सगळ्यांना पडवीत नेलं. हेडमास्तरांनी पाणी मागवलं. बाप खाली बसला आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. "कार्ड आलं होतं गुरुजी. नागपूरचं. कोपरा फाटलेलं."

तेव्हा कुठे मला कळलं. आमच्या भागात मरणाची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. महालातल्या आमच्या घरीही अशी कार्डं यायची. ती घरात घेत नाहीत, उंबऱ्याबाहेर उभं राहून कुणीतरी वाचतं आणि तिथेच फाडून टाकतं. पोरांना आधी हाकलून देतात. त्यामुळे तीसपर्यंत पाढे येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीनं असं कार्ड जन्मात पाहिलेलं नसतं. तिला माहीत नव्हतं ते तिच्या वयामुळे. मला माहीत होतं, पण मी त्या दिवशी कार्ड पाहतच नव्हतो, कित्ता पाहत होतो.

बापानं सांगितलं ते असं. पोस्टमननं कार्ड दारातल्या लाकडावर ठेवलं, "नागपूरचं हाय" म्हणाला आणि मान वर न करता निघून गेला. घरात वाचता येणारं कुणी नाही. गावचे मास्तर दोन दिवस कुहीला गेलेले. आणि मास्तर असते तरी काय, कोपरा फाटलेल्या कार्डात वाचायचं काय उरतं? आजीनं ते काडीनं उचलून कुंपणात खोसलं. नागपुरात यांचं आपलं म्हणावं असं एकच घर. त्या घरातलं कोणीतरी गेलं होतं. कोण, ते माहीत नव्हतं. पहाटेची पहिली गाडी धरून हे दोघं निघाले.

"मामाच्या दुकानावर गेलो," बाप म्हणाला, "तं हा पंक्चर काढून राहिला होता. त्याले पाह्यलं अन् हे तिथंच खाली बसली."

आता आईला बोलायचं होतं. ती माझ्याशी बोलत होती, पण मला वाटत नाही की तिला मी दिसत होतो. मुलीला तिनं मांडीत ओढून घेतलं होतं, एवढ्या मोठ्या मुलीला. "गुरुजी, गाडीत मले समजेच ना का कोनासाठी रडू. भाऊ गेला का पोरगी गेली. कुहीपासून इथपर्यंत मी देवाले एकच मागतलं. म्हटलं देवा, भाऊ असू दे. माही पोरगी ठेव, भाऊ ने. अन् दुकानावर भाऊ जिता दिसला, तं मले वाटलं, गेली माही पोरगी."

मामा तिच्या मागेच उभा होता. ती बोलून गेली आणि मग तिला ते आठवलं. वळून तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं हातातल्या ट्यूबची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. हेडमास्तर पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते आणि तो कुणाला द्यावा हे त्यांना समजत नव्हतं.

बापानं विषय बदलावा म्हणून मुलीला विचारलं, "पन तू कोपरा काहून कापला वं?"

मुलगी आईच्या पदरातून म्हणाली, "डाग पडला होता. गुरुजी डागाचं कार्ड घेत नाही."

मला वाटलं, आता कोणीतरी मला काहीतरी बोलेल. मी त्याची वाट पाहत होतो. बोललं कुणी असतं तर बरं झालं असतं. बाप म्हणाला, "गुरुजीचं बरोबर हाय. डाग कसा चालन? कार्ड साफच पाह्यजे." खरंच मनापासून म्हणाला. माझ्या मास्तरकीत मला इतकी शरम कधी वाटली नाही.

मग त्यानं साधा प्रश्न विचारला. "कार्डात लिहिलं काय होतं, गुरुजी? आमी तं वाचून घेतलंच नाही. तुमी तपासलं असन ना?"

मी तपासलं होतं. मायना कुठे होता हे मला आठवत होतं. समास किती बोटं होता, पत्त्याच्या ओळी कशा उतरत गेल्या होत्या, 'कुही'चा उकार किती सुरेख वळवला होता, हेही आठवत होतं. 'पत्रास कारण की' यानंतर काय होतं, ते मला माहीत नव्हतं. फळ्यावर मांडलेल्या दहा गुणांत मजकुराला एकही गुण नव्हता, आणि हे बेचाळीस मुलांपैकी कुणाच्या किंवा माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. मुलीचं कार्ड गावानं वाचलं नाही कारण कोपरा फाटला होता. मी वाचलं नाही कारण अक्षर सुंदर होतं.

"पुष्कळ कार्डं होती," मी म्हणालो. हे उत्तर नव्हतं, हे त्या माणसालाही कळलं असणार.

मुलगी माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. पाटीवरचं गणित चुकलेलं दिसावं आणि कुठे चुकलं ते शोधावं, तशी. मग ती जमिनीकडे पाहत हळूच म्हणाली, "मी लिहिलं होतं का, मले पाचवीत बसाचं हाय. मामाले तुमी विचारा."

जे दोन वर्षं दोन घरांत कुणी उच्चारलं नव्हतं ते अखेर उच्चारलं गेलं, आणि ते याच्याहून वाईट वेळी उच्चारलं जाणं शक्य नव्हतं. आईनं मुलीची सुटलेली वेणी बांधायला घेतली. भावाकडे आता ती कोणत्या तोंडानं मागणार होती? बाप चप्पल शोधू लागला. मामा म्हणाला, "दुकान उघडंच टाकून आलो," आणि गेला.

त्या आठवड्यात मी मामाकडे गेलो. सायकलमध्ये काही बिघाड नव्हता, तरी हवा कमी आहे असं सांगून गेलो. तो एका ट्यूबला घमेल्यातल्या पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होता. मी म्हणालो, मुलगी हुशार आहे, सातवीपर्यंत शाळा इथेच आहे, फीचा प्रश्न नाही, पुस्तकांचं मी पाहीन. चूक माझी होती, असंही म्हणालो. ते म्हणायला मला वेळ लागला, पण म्हणालो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "चूक कोनाचीच नाही, गुरुजी," तो म्हणाला. "ताईवर माहा राग नाही. मले एक पोरगी असती अन् मी त्या गाडीत असतो, तं मीबी तेच मागतलं असतं. बहीन ने म्हटलं असतं." त्यानं ट्यूब फिरवून पुढचा भाग पाण्यात दाबला. "पन पोरगी घरात फिरते, अन् मले तेच आयकू येते. घरवालीनंबी आयकलं. ते काही बोलत नाही, पन पोरीच्या ताटात वाढाले गेली का हात थांबते तिचा. परीक्षेपर्यंत ठेवतो. मंग घेऊन जाऊ दे."

मला पुष्कळ काही सुचलं, पण ते सगळं पुस्तकातलं होतं. त्यानं माझ्या चाकात हवा भरून दिली आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

एप्रिलमध्ये ती परीक्षेला बसली आणि पास झाली. निकालाच्या दिवशी बाप न्यायला आला होता. जाताना ती माझ्या पाया पडली, आणि मी नेहमीचा आशीर्वाद दिला, मोठी हो, खूप शीक. तोंडातून निघून गेला. दर वर्षी बेचाळीस वेळा देण्याची सवय होती.

जूनमध्ये नवी चौथी आली. पत्रलेखन मी पुन्हा वहीत घ्यायला लागलो. हेडमास्तरांना बरं वाटलं. गुणांची वाटणी मात्र मी बदलली होती, आणि प्रत्येक वहीतला मजकूर वाचत होतो. तो वाचणं फार कंटाळवाणं असतं हे मला तेव्हा कळलं. मुलं खोट्या वडिलांना खोट्या सहलीबद्दल लिहीत होती. मी वाचत होतो.

पोळा होऊन गेल्यावर शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावाचं एक कार्ड आलं. शिपायानं ते टेबलावर ठेवलं, आणि पत्त्यावरूनच मला कळलं कोणाचं ते. मी पहिल्यांदा चारही कोपरे पाहिले. शाबूत होते. उजव्या कोपऱ्यात शाईचा डाग होता, चांगला चिंचोक्याएवढा. मग मी वाचलं. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे, म्हणून जसंच्या तसं देतो.

'ती. गुरुजींस शि. सा. न. वि. वि. पत्रास कारण की, मी इकडे खुशाल आहे. शाळा नाही. धानाची रोवणी झाली. मी पण रोवायला गेले होते. गावातले लोक कार्ड आले की माझ्याकडे वाचायला आणतात. मी सर्वांची वाचते. कोपरा फाटलेले आले तरी बाहेर बसून शेवटपर्यंत वाचते. परवा एक आले. घरातल्या बाया रडत होत्या आणि वाचू नको म्हणत होत्या. मी वाचले. त्यांच्या मुलीला मुलगी झाली असे लिहिले होते. कोपरा उंदराने खाल्ला होता. मग त्यांनी मला गूळ दिला. मामा दिवाळीला आला तर आई त्याच्याशी बोलणार आहे. डाग पडला आहे, दुसरे कार्ड नाही, म्हणून तसेच टाकते. गुरुजी, उत्तर पाठवावे. उत्तरात मी काय लिहिले आहे ते आपल्या शब्दांत लिहावे. म्हणजे वाचले असे मी समजेन.'

मी ते तीनदा वाचलं. मग चौकात जाऊन कार्ड आणलं आणि मधल्या सुट्टीत पडवीत बसलो, जिथे बसून तिला साडेनऊ गुण दिले होते तिथेच. मायना लिहिला. उंदराचं लिहिलं, गुळाचं लिहिलं, तू शेवटपर्यंत वाचतेस ते फार चांगलं करतेस असं लिहिलं. ते सगळं जमलं. मग तिचं दुसरं वाक्य राहिलं होतं. सुट्टी संपल्याची घंटा झाली, मुलं वर्गात जाऊन बसली, आणि मी ते वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेनं मनात मांडून पाहत होतो. शेवटी 'तू लिहितेस, शाळा नाही' असं तिचंच उतरवून काढलं. आपल्या शब्दांत ते मला लिहिता आलं नाही.